संशयी भाष्यकाराचा अधिकार

कोणत्याही शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी ह्या चार गोष्टी सांगण्याची जुनी परिपाटी आहे. पहिल्या तीन गोष्टींविषयी फारसा वाद होत नाही. वाद होतो तो चौथीविषयी. ग्रंथ कोणी वाचावा, कोणी शिकवावा आणि त्यावर कोणी भाष्य करावे, ह्या प्रश्नास बहुतेक धर्मपरंपरांनी एकच उत्तर दिलेले आहे : ज्याच्या ठिकाणी श्रद्धा आहे त्याने. बुद्धी तीव्र असून श्रद्धा नसेल, तर असा मनुष्य शब्द जाणील, अर्थ जाणणार नाही, असे सांगितले जाते. हे उत्तर निराधार नाही. पण त्याच्या पोटात एक दुसरा प्रश्न दडलेला आहे आणि तो सहसा विचारला जात नाही. ज्याची श्रद्धा होती, ज्याने यथाविधी दीक्षा घेतली, ग्रंथ गुरुमुखातून ऐकला आणि नंतर ज्याची श्रद्धा विचाराच्याच योगाने ढळली, त्याचा अधिकार कोणता? त्याने ग्रंथ मिटून ठेवावा काय? आणि ठेवला नाही, उलट उभे आयुष्य त्याच परंपरेच्या ग्रंथांचा अर्थ लावण्यात घालविले, तर त्या भाष्याकडे श्रद्धावंताने कोणत्या दृष्टीने पाहावे?

हा प्रश्न केवळ कल्पनेतला नाही. इंग्लंडमधील तत्त्वज्ञ सर अँथनी केनी ह्यांच्या ग्रंथव्यवसायात तो मूर्तिमंत उभा राहिलेला दिसतो. मध्ययुगीन ख्रिस्ती दर्शन आणि धर्माचे तत्त्वज्ञान ह्या दोन विषयांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्यांचे लेखन प्रमाण मानले गेले अशा मोजक्या विद्वानांत त्यांची गणना होते. आणि हे सर्व लेखन, अगदी आरंभीचे वगळता, त्यांनी धर्मगुरूची वस्त्रे उतरविल्यानंतरचे आहे.

केनी ह्यांचा जन्म १९३१ मध्ये लिव्हरपूल येथे एका कॅथलिक कुटुंबात झाला. त्यांचे मामा अलेक्झांडर जोन्स हे धर्मगुरू आणि बायबलचे जाणते अभ्यासक होते. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'जेरुसलेम बायबल' ह्या इंग्रजी भाषांतराचे ते प्रमुख संपादक. भाच्याचे शिक्षण प्रथम अपहॉलंड येथील धर्मपाठशाळेत आणि पुढे रोममधील ग्रेगोरियन विद्यापीठात झाले. तेथे तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र दोन्ही विषय लॅटिन भाषेतून शिकविले जात. पोप तेरावे लिओ ह्यांनी १८७९ मध्ये तेराव्या शतकातील सेंट थॉमस अक्वायनस ह्यांच्या दर्शनास धर्मसंस्थेच्या शिक्षणात अग्रस्थान दिले होते. तेव्हापासून ह्या पाठशाळांतील विद्यार्थी थॉमसच्या सिद्धांतांवरच वाढत असे. मात्र तो थॉमस बहुधा पाठ्यपुस्तकांतून, सूत्रबद्ध उत्तरांच्या रूपाने भेटे. उत्तरे आधी पाठ होत आणि प्रश्न मागाहून कळत, किंवा कळतही नसत. १९५५ मध्ये केनी ह्यांना पुरोहितदीक्षा मिळाली.

ह्या दीक्षेच्या संदर्भात एका शपथेचा विचार थोडा विस्ताराने केला पाहिजे, कारण पुढील सर्व प्रकरणाचे बीज तीत आहे. पोप दहावे पायस ह्यांनी १९१० मध्ये आधुनिक मतांच्या प्रतिकारार्थ एक शपथ घालून दिली आणि ती १९६७ पर्यंत चालू होती. धर्मगुरू होणाऱ्या प्रत्येकास ती घ्यावी लागे. तिचा पहिलाच भाग असा की, सृष्टीरूप कार्यावरून कारणरूप ईश्वराचे अस्तित्व मानवी बुद्धीच्या स्वाभाविक प्रकाशाने निश्चितपणे जाणता येते आणि सिद्धही करता येते. १८७० च्या व्हॅटिकन परिषदेने केवळ 'निश्चितपणे जाणता येते' एवढेच म्हटले होते. 'सिद्ध करता येते' हा शब्द १९१० मध्ये वाढला.

हा एक शब्द लहान वाटतो, पण त्याने किती अंतर पाडले ते पाहण्यासारखे आहे. ईश्वर आहे असा माझा विश्वास आहे, अशी शपथ श्रद्धावान मनुष्य निःशंकपणे घेऊ शकतो; तो स्वतःच्या अंतःकरणाविषयी बोलत असतो. पण ईश्वराचे अस्तित्व अनुमानाने सिद्ध होते, ही शपथ निराळ्या जातीची आहे. ती अंतःकरणाविषयी नाही, एका अनुमानाविषयी आहे. अनुमान निर्दोष आहे की नाही हे शपथेने ठरत नाही, हेतू तपासून ठरते. एखाद्या भक्ताने आयुष्यभर ईश्वरावर निष्ठा ठेवली आणि तरीही कोणतेच अनुमान त्यास निर्दोष वाटले नाही, तर त्याची भक्ती कमी ठरत नाही. मात्र ही शपथ त्यास प्रामाणिकपणे घेता येणार नाही. श्रद्धेच्या रक्षणासाठी घातलेले कुंपण असे श्रद्धावंतालाच टोचू शकते. तर्कास तर्काच्या ठिकाणी ठेवण्याऐवजी त्यास प्रतिज्ञेचा विषय केले म्हणजे ज्या दिवशी तर्क डळमळतो त्या दिवशी प्रतिज्ञाही डळमळते. धर्मसंस्थेने येथे आपल्याच पायावर अकारण भार घातला, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

दीक्षेनंतर केनी ह्यांनी ऑक्सफर्ड येथे तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला आणि १९५९ पासून लिव्हरपूल येथे साहाय्यक धर्मगुरू म्हणून सेवा केली. १९६१ मध्ये त्यांना ऑक्सफर्डची डॉक्टरेट मिळाली. हा काळ त्यांच्या संशयाचा काळ होता. अण्वस्त्रांच्या नीतिमत्तेविषयी त्यांनी केलेले लेखनही ह्याच काळातले असून ते वरिष्ठांस रुचले नव्हते. पण मूळ अडचण त्याहून खोल होती. व्यासपीठावरून बोलणारा उपदेशक आणि अभ्यासिकेत विचार करणारा मनुष्य हे एकच असतात. ज्याची खात्री स्वतःस उरली नाही ते दुसऱ्यास निःसंशय सत्य म्हणून सांगणे, आणि तेही त्यांच्या मरणाच्या व दुःखाच्या प्रसंगी, ह्यास काय म्हणावे? पुष्कळ जण अशा वेळी मौन पाळतात, अर्थाला मुरड घालतात, शब्द तेच ठेवून मनात दुसराच अर्थ धरतात. केनी ह्यांनी १९६३ मध्ये पौरोहित्य सोडले. पुढे त्यांनी विवाह केला. ब्रह्मचर्याच्या प्रतिज्ञेतून त्यांना मुक्त करण्यात आलेले नव्हते. त्यामुळे धर्मसंस्थेच्या नियमांच्या दृष्टीने ते बहिष्कृत ठरले. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अ पाथ फ्रॉम रोम' ह्या आत्मवृत्तात त्यांनी हा प्रवास सांगितला आहे.

त्यानंतरची त्यांची अध्यापकीय कारकीर्द थोडक्यात सांगता येते. १९६४ पासून ते ऑक्सफर्डच्या बॅलिओल कॉलेजचे फेलो होते आणि १९७८ ते १९८९ त्या कॉलेजचे प्रमुख. १९८९ ते १९९३ ह्या काळात ते ब्रिटिश अकॅडमीचे अध्यक्ष होते व १९९२ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. मानाची पदे मिळतात आणि जातात. प्रस्तुत विषयाशी संबंध आहे तो त्यांनी ह्या वर्षांत काय लिहिले ह्याचा. पौरोहित्य सोडून एक वर्ष होते न होते तोच, १९६४ मध्ये, थॉमसच्या 'सुम्मा थिओलोगिए' ह्या महाग्रंथातील मनुष्याच्या स्वभाव-संस्कारांविषयीच्या भागाचे त्यांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. श्रद्धा सोडलेला मनुष्य ग्रंथ सोडीत नाही, ही पहिली लक्षात घेण्याजोगी गोष्ट.

दुसरी गोष्ट १९६९ मधली. त्या वर्षी 'द फाइव्ह वेज' हे त्यांचे पुस्तक निघाले. थॉमसने ईश्वरसिद्धीसाठी जी पाच अनुमाने दिली त्यांची ही चिकित्सा. म्हणजे ज्या सिद्धीची शपथ धर्मगुरूस घ्यावी लागे तीच येथे तपासली गेली. नैयायिकांचे ईश्वरानुमान ज्यांनी अभ्यासले आहे त्यांना हा प्रांत परका वाटणार नाही. कार्यावरून कर्त्याकडे जाण्याची वाट दोन्हीकडे सारखीच आहे, तिच्यावरील खाचखळगे मात्र वेगळे आहेत.

पहिले अनुमान गतीवरून आहे. जे जे बदलते ते ते दुसऱ्याकडून बदलविले जाते. बदलविणाऱ्यांची परंपरा अनंत असू शकत नाही. म्हणून स्वतः न बदलता सर्वांस बदलविणारा एक आदिकर्ता असला पाहिजे. येथील व्याप्ती थॉमस अशा रीतीने बसवितो की, लाकडाच्या ठिकाणी उष्णता केवळ शक्तिरूपाने असते. जे प्रत्यक्ष उष्ण आहे, म्हणजे अग्नी, तेच त्यास प्रत्यक्ष उष्ण करू शकते. केनी ह्यांचा आक्षेप असा की ही व्याप्ती व्यभिचारी आहे. एखाद्या वस्तूस अमुक अवस्थेस नेणारा स्वतः त्या अवस्थेत असलाच पाहिजे असा नियम नाही. घरोघरीचा दाखला घ्यावयाचा तर चुनकळीचा घेता येईल. चुन्याची कळी थंड, तीवर ओतलेले पाणीही थंड. दोहोंचा संयोग होताच भांडे हातात धरवत नाही. उष्ण करणारे येथे कोणीच आधी उष्ण नव्हते. शिवाय सरळ रेषेत समान वेगाने चाललेल्या वस्तूस चालती ठेवण्यास दुसरे काही लागत नाही, हे न्यूटनच्या गतिनियमाने दाखविल्यावर 'जे जे चालते ते ते दुसऱ्याकडून' हे वाक्य पूर्वीच्या अर्थाने उच्चारता येत नाही.

दुसऱ्या अनुमानाची कथा ह्याहून उद्बोधक आहे. कारणांची जी चढती मालिका थॉमस गृहीत धरतो तीत आकाशस्थ गोलांना स्थान आहे. मनुष्यास मनुष्य जन्म देतो व सूर्यही देतो, हे अ‍ॅरिस्टॉटलचे मत त्या काळी खगोलशास्त्र म्हणून मान्य होते. ते आकाश एकदा मावळले म्हणजे मालिकेतील मधल्या पायऱ्याच नाहीशा होतात. केनी ह्यांच्या चिकित्सेचे मर्म हेच : ही अनुमाने त्यांच्या काळच्या विश्वचित्रातून सुटी करून उचलता येतील असे वाटते, परंतु ती वाटते तितक्या सहजासहजी सुटत नाहीत.

शास्त्राभ्यासकास ही भाषा ओळखीची वाटेल. वचन प्रकरणातून तोडले की त्याचा अर्थ पालटतो, हा अर्थनिर्णयाचा पहिला नियम आहे. गंमत अशी की रोममध्ये थॉमसची अनुमाने कालातीत सत्ये म्हणून शिकविणाऱ्या श्रद्धावंतांनी हा नियम शिथिल केला होता आणि श्रद्धा सुटलेल्या भाष्यकाराने तो कडक पाळला. थॉमसच्या अनुयायांनी ह्यावर उत्तर दिले आहे. त्यांचे म्हणणे असे की अनुमानाचा आधार भौतिकशास्त्र नाही, शक्ती आणि व्यक्ती ह्यांचा तात्त्विक भेद आहे. चुनकळीतही उष्णतेची शक्ती कोणत्या तरी प्रत्यक्ष कारणानेच प्रकट होते. हे उत्तर टाकाऊ नाही. पण मग अनुमान त्या नव्या अर्थाने पुन्हा मांडून दाखविण्याचे ओझे उत्तर देणाऱ्यावर येते, आणि पुन्हा मांडलेले अनुमान थॉमसचे उरते की नाही हा प्रश्न शिल्लक राहतो.

ह्यानंतरचा मोठा ग्रंथ १९७९ चा, 'द गॉड ऑफ द फिलॉसॉफर्स'. येथे प्रश्न ईश्वराच्या अस्तित्वाचा नसून गुणांचा आहे. सर्वज्ञता, सर्वसामर्थ्य आणि पूर्ण मंगलता हे तीन गुण परंपरेने ज्या अर्थाने सांगितले त्या अर्थाने एका ठिकाणी नांदू शकतात काय? मनुष्य उद्या पाप करील की नाही हे ईश्वर आजच निश्चित जाणत असेल, तर उद्याचे कर्म मोकळे कसे? आणि मनुष्याचे संकल्पही पूर्वनियत असल्यामुळेच ईश्वर ते जाणतो असे म्हटले, तर पापाचे कर्तृत्व कोणाकडे जाते? केनी ह्यांचा निष्कर्ष असा की परंपरेने वर्णिलेल्या सर्व गुणांनी युक्त असा ईश्वर संभवत नाही. ईश्वरच नाही, असे मात्र ते म्हणत नाहीत. वर्णन विसंगत आहे म्हणजे वर्ण्य वस्तू नाहीच असे होत नाही, हा विवेक त्यांनी सांभाळला आहे.

ह्या वादातील एका टप्प्यावर क्षणभर थांबले पाहिजे. भविष्यज्ञानाच्या कोड्यावर सहाव्या शतकात बोईथियसने तुरुंगात बसून लिहिलेल्या ग्रंथात एक उत्तर दिले आणि थॉमसने ते पुढे नेले. ईश्वर काळाच्या आत नाही. वाटेने चालणारा आपल्या मागून येणाऱ्यांस पाहत नाही. उंचावर उभा असलेला सर्व वाट एकदम पाहतो. तसे ईश्वरास आदी, मध्य, अंत सर्व समोर आहे. तो आधी जाणत नाही, केवळ जाणतो. ह्या उत्तरावर केनी ह्यांनी १९६९ च्या एका निबंधात जो उपहासगर्भ आक्षेप घेतला तो प्रसिद्ध आहे. लेखकाचे टंकलेखन अनंतत्वाशी समकालीन आहे, इ. स. ६४ मध्ये रोम जळत होते तीही घटना त्याच अनंतत्वाशी समकालीन आहे. तेव्हा लेखक टंकयंत्रावर बोटे चालवीत असतानाच नीरो वाद्य वाजवीत बसलेला आहे असे मानावे लागेल. १९८१ मध्ये एलिओनोर स्टम्प आणि नॉर्मन क्रेट्झमन ह्यांनी ह्यास उत्तर दिले. काळातील दोन घटनांचे समकालीनत्व आणि काळातील घटना व अनंत सत्ता ह्यांमधील समकालीनत्व हे दोन भिन्न संबंध आहेत. दुसऱ्या संबंधात एकाकडून तिसऱ्याकडे उडी घेता येत नाही.

ह्या दोहोंत कोणाचा पक्ष बळकट? केनी ह्यांचा आक्षेप थोडा उतावळा आहे. डोंगरमाथ्यावरील मनुष्य दोन वाटसरूंस एकदम पाहतो म्हणून ते दोघे एकाच ठिकाणी आहेत असे ठरत नाही, हे त्यांच्यासारख्या तर्कनिपुणास सुचले नसेल असे नव्हे. परंतु उत्तरपक्षही निर्वेध नाही. आक्षेप टळावा अशाच बेताने एखाद्या संबंधाची व्याख्या करणे आणि मग आक्षेप लागू पडत नाही म्हणून दाखविणे, ह्याने प्रतिपक्षी गप्प होईल, कोडे उलगडणार नाही. अनंतत्व म्हणजे काय हे दृष्टान्तापलीकडे कोणासच सांगता आलेले नाही आणि दृष्टान्तावर दृष्टान्ताने मात होते, एवढेच फार तर ह्या वादातून निघते.

आता त्या प्रश्नाकडे वळावयाचे, जो श्रद्धावंताच्या दृष्टीने सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. श्रद्धा हा सद्गुण आहे काय? १९८३ मधील 'फेथ अँड रीझन' आणि १९९२ मधील 'व्हॉट इज फेथ?' ह्या पुस्तकांत केनी ह्यांनी ह्याचे विवेचन केले आहे. थॉमसच्या मते श्रद्धा म्हणजे ईश्वराने प्रकट केले म्हणून एखादी गोष्ट निश्चयाने स्वीकारणे. केनी विचारतात, ईश्वराने सांगितले म्हणून ईश्वर आहे असे मानता येईल काय? सांगणारा आहे हे आधी ठरल्याशिवाय त्याच्या सांगण्यास प्रामाण्य येणार नाही. आपल्याकडील परिभाषेत बोलावयाचे तर आप्त सिद्ध झाल्यावाचून आप्तवाक्य प्रमाण होत नाही आणि आप्तवाक्यानेच आप्त सिद्ध करू गेल्यास अन्योन्याश्रय दोष येतो. म्हणून, ईश्वराचे अस्तित्व श्रद्धेबाहेरच्या कोणत्या तरी मार्गाने समर्थनीय नसेल तर श्रद्धा सद्गुण न राहता दोष ठरते, असे ते कठोरपणे सांगतात. विश्वासाच्या बाबतीत सद्गुण म्हणजे दोन टोकांमधील मध्य. एका बाजूस भोळसटपणा, दुसऱ्या बाजूस अतिसंशय. ही मांडणी अ‍ॅरिस्टॉटलची व थॉमसचीच आहे. गुरूने दिलेले शस्त्र शिष्याने गुरूवर चालविले.

पूर्वपक्ष इतका सबळ असताना त्यास घाईने उत्तर देणे उचित नव्हे. नेहमी दिले जाणारे उत्तर असे की मूल आईवर विश्वास ठेवते ते पुरावा पाहून नव्हे. पण आईचे अस्तित्व मुलास संशयित नसते. दृष्टान्त येथे लागू पडत नाही. कार्डिनल न्यूमन ह्यांनी १८७० मध्ये दाखविले होते की ब्रिटन हे बेट आहे ह्यासारख्या कित्येक गोष्टी मनुष्य स्वतः तपासल्यावाचून पूर्ण निश्चयाने मानतो व त्यात गैर काही नाही. ह्यात तथ्य आहे. तथापि बेटाविषयी शंका आली तर नाव घेऊन भोवती फिरून येता येते.

ह्याहून खोल जाणारे एक उत्तर श्रद्धावंतास देता येण्यासारखे आहे. अंधाऱ्या घराच्या दाराशी कोणी उभा आहे. आत कोणी असेल की नाही हे त्यास ठाऊक नाही. इतक्यात आतून 'ये' अशी हाक येते. त्या एकाच क्षणी आत कोणी आहे हेही कळते आणि त्याचे म्हणणे काय हेही कळते. आधी अस्तित्व, मग वचन असा क्रम तेथे नसतो, आणि म्हणून अन्योन्याश्रयही नसतो. ज्या धर्मपरंपरा ईश्वराच्या प्रत्यक्ष सन्निधानावर उभ्या आहेत त्यांची भूमिका मुळात अशी आहे. अनुमान हे तेथे मागाहून येते. केनी ह्यांचा आक्षेप अनुमानावर उभारलेल्या इमारतीस जितका बाधक आहे तितका ह्या भूमिकेस नाही.

पण एवढ्याने निर्वाह होत नाही, हेही मान्य करावे लागते. हाक ज्याने ऐकली त्याची गोष्ट निराळी. मागून आलेल्यांस हाक ऐकू येत नाही. हाक आली होती असे सांगणारे भेटतात आणि त्यांनी लिहून ठेवलेले ग्रंथ मिळतात. तेथे प्रश्न साक्षीच्या खरेपणाचा होतो आणि साक्ष तपासण्याचे काम इतिहासाचे, पाठचिकित्सेचे, भाषेचे होते. केनी ह्यांचे दुसरे म्हणणे नेमके येथे लागते : साक्ष जितकी बळकट तितकाच निश्चय योग्य, श्रद्धा मात्र कधीही मागे न घेण्याजोगा निश्चय मागते. ह्या दोहोंमधील अंतर कशाने भरावयाचे? थॉमस म्हणतो, ईश्वरकृपेने प्रेरित झालेल्या संकल्पाने. ज्यास ती प्रेरणा लाभली नाही त्याने काय करावे, ह्याचे उत्तर श्रद्धावंतांनी फारसे दिलेले नाही. त्याच्यावर हट्टाचा किंवा अहंकाराचा आरोप करणे सोपे असते. केनी ह्यांच्या चरित्रात त्या आरोपास आधार सापडत नाही.

श्रद्धा सुटूनही त्यांच्यापाशी काय उरले हे पाहू जाता आश्चर्य वाटते. १९८५ ह्या एकाच वर्षी त्यांची तीन पुस्तके निघाली. त्यांपैकी आत्मवृत्ताचा उल्लेख वर आलाच आहे. दुसरे 'द लॉजिक ऑफ डिटरन्स'. निरपराधांचा संहार करण्याची सशर्त तयारी ठेवणेही पापच आहे, ह्या भूमिकेवरून अण्वस्त्रांच्या धाकाचे त्यात खंडन आहे. निरपराधांना अवध्य मानणारा हा विचार त्यांच्या जुन्या धर्मशास्त्राच्या शिदोरीतला. तिसरे पुस्तक चौदाव्या शतकातील जॉन विक्लिफ ह्यांच्यावरचे. भाकरी व द्राक्षरस ह्यांचे द्रव्यच पालटते हे मत नाकारल्यामुळे विक्लिफ पाखंडी ठरले आणि मृत्यूनंतर चाळीसहून अधिक वर्षांनी, १४२८ मध्ये, त्यांच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या. हेच विक्लिफ १३६० च्या सुमारास बॅलिओलचे प्रमुख होते. सहा शतकांनंतर त्याच आसनावर बसलेल्या माणसाने त्यांच्यावर लिहिले, ते त्यांना हुतात्मा करण्यासाठी नव्हे, तर एक तर्कनिष्ठ तत्त्वज्ञ म्हणून त्यांची ओळख व्हावी यासाठी.

मध्ययुगीन विचाराकडे पाहण्याची ही दृष्टीच केनी ह्यांची खरी देणगी म्हणावी लागेल. १९८२ मध्ये क्रेट्झमन व यान पिन्बोर्ग ह्यांच्यासह त्यांनी संपादिलेल्या केंब्रिजच्या उत्तरमध्ययुगीन तत्त्वज्ञानाच्या इतिहासात ती स्पष्ट दिसते. तर्क, भाषा, इच्छास्वातंत्र्य, नीती ह्यांवरील मध्ययुगीन विचार श्रद्धेचे अवशेष म्हणून जपावयाचे नाहीत आणि अंधारयुग म्हणून उडवूनही लावावयाचे नाहीत. आजच्या तत्त्वज्ञाशी वाद घालण्यास समर्थ असे पक्ष म्हणून ते वाचावयाचे. 'अक्वायनस ऑन माइंड' ह्या १९९३ च्या ग्रंथात बुद्धी व संकल्प ह्यांविषयीचे थॉमसचे विवेचन आजही मोलाचे आहे असे केनी मोकळेपणाने सांगतात. 'अक्वायनस ऑन बीइंग' ह्या २००२ च्या ग्रंथात तितक्याच मोकळेपणाने ते थॉमसच्या सत्ताविचारावर गोंधळाचा दोष ठेवतात. पक्षपाती भाष्यकारास ह्यांपैकी एकच पुस्तक लिहिता आले असते.

म्हणून अधिकाराच्या प्रश्नाचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. ग्रंथाचे म्हणणे काय, ते कोणत्या प्रकरणात आले, त्यातील हेतू सद्धेतू आहे की हेत्वाभास, एवढ्या कामास श्रद्धा आवश्यक नाही. सत्यनिष्ठा, भाषाज्ञान आणि ग्रंथाविषयी आदर ह्या तीन गोष्टी पुरतात, आणि त्या केनी ह्यांच्या ठिकाणी पूर्णपणे दिसतात. पण धर्मग्रंथ केवळ प्रतिज्ञा-हेतू-उदाहरणांचा संग्रह नसतो. तो आचरण मागतो, आणि आचरणातून येणारा जो अर्थ आहे तो ह्या भाष्यात उतरत नाही. थॉमसने आयुष्याच्या अखेरीस, १२७३ च्या डिसेंबरात, लेखणी खाली ठेवली आणि आपण लिहिलेले सर्व आता गवताच्या काडीसारखे वाटते असे सांगितले, ही गोष्ट परंपरेने जपून ठेवली आहे. केनी ह्यांची चिकित्सा लेखणी खाली ठेवण्यापूर्वीच्या थॉमसची आहे. त्या दिवसानंतरच्या थॉमसविषयी तर्काने काय बोलावे?

तरीही केनी ह्यांना आचरणाच्या उंबरठ्याबाहेरचे म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्यांनी स्वतः एक प्रश्न ह्या उंबरठ्यावर आणून ठेवला आहे. मराठीत त्यांना अज्ञेयवादी म्हणावे लागते, पण हा शब्द फसवा आहे. ईश्वर ज्ञेयच नाही, असे त्यांचे मत नाही. त्यांस स्वतःस ते ज्ञान झालेले नाही, दुसऱ्या कोणास झाले असणे शक्य आहे, असे ते म्हणतात. अशा मनुष्याने प्रार्थना करावी काय? 'द गॉड ऑफ द फिलॉसॉफर्स'च्या शेवटी त्यांनी होकारार्थी उत्तर दिले आहे. समुद्रात वाहत चाललेला, गुहेत अडकलेला किंवा डोंगरकड्यावर एकाकी राहिलेला मनुष्य मदतीसाठी ओरडतो किंवा खुणेचा जाळ करतो; ऐकणारा, पाहणारा कोणी आहे की नाही हे त्यास ठाऊक नसते आणि तरीही त्याचे ओरडणे वेडेपणाचे ठरत नाही. ज्यास ईश्वर आहे की नाही हाच संशय आहे त्याने ह्याच संशयाच्या निवारणार्थ प्रार्थना करण्यासही कोणतीच हरकत नाही, असे ते पुढे सुचवितात.

'असशील तर ऐक' ही प्रार्थना श्रद्धावंतास अपुरी वाटेल. कित्येकांस ती उद्धटही वाटेल. परंतु कड्यावरील मनुष्याचा दृष्टान्त नीट पाहिला तर दिसते की तेथे उद्धटपणास जागाच नाही. तो मनुष्य कोणाची परीक्षा घेत नसतो, त्यास केवळ खाली उतरता येत नसते. १९७९ च्या ह्या विचारापासून केनी पुढे फारसे दूर गेले नाहीत. २००४ मध्ये त्यांच्या धर्मविषयक निबंधांचा एक संग्रह निघाला. त्याच्या उपशीर्षकात हे निबंध एका अज्ञेयवाद्याचे आहेत असे म्हटले आहे. वर मोठ्या अक्षरांत शीर्षक आहे ते मात्र 'अज्ञात ईश्वर' ह्या अर्थाचे.